भट्टीतला वायू आणि छोटीचं नाक

ताई आणि छोटी सख्ख्या बहिणी. दोघी एकाच प्रयोगशाळेत कामाला, त्यामुळे साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना ताई-छोटीच म्हणायचे.

काम ताईचं होतं. पॅलेडियमचा क्षार आणि कोबाल्टचं सायनाइड पाण्यात मिसळलं की थोड्या वेळात त्याचा थुलथुलीत पिवळा गोळा बनायचा. भांडं उलटं केलं तरी सांडायचा नाही. त्यात दोन्ही धातू सायनाइडच्या पुलांनी एकमेकांना जखडलेले असत. तो नायट्रोजनमध्ये तापवला की पूल तुटत, सायनाइड वायू होऊन निघून जाई आणि नळीत मिश्रधातूची काळी भुकटी उरे, कण डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. निघालेला वायू रबरी नळीतून रसायन घातलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडत जायचा आणि तिथेच निकामी व्हायचा. वर विषारी हवा बाहेर ओढणाऱ्या हूडचा पंखा होताच.

एक गोष्ट मात्र ताईला कायम खात असे. सायनाइडचा वास काही माणसांना येतच नाही, आणि ती त्यांतलीच होती. छोटीला यायचा. पहिल्याच आठवड्यात बाटली उघडल्यावर ती म्हणाली होती, "ई, कडू बदाम!" तेव्हापासून ताई भट्टी लावताना तिला हाक मारायची, "ये गं, नाक घेऊन ये."

त्या दुपारी वायूची सूचना देणारं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. "हूड आहे ना? मग झालं," असं म्हणून साहेबांनी विषय संपवला होता. छोटी आतल्या वजनकाट्याच्या खोलीत, कानात गाणी लावून बसलेली. भट्टी ऐन तापात असताना पंखा घरघरला आणि बंद पडला. ताईने बाटलीकडे पाहिलं. बुडबुडे थांबले होते.

म्हणजे वायू बाटलीत जात नव्हता. मग जात कुठे होता?

तिच्या छातीत धडधडायला लागलं. डोकं गरगरलं, घशाला कोरड पडली. हे भीतीनं होतंय की विषानं? दोन्हीची लक्षणं सारखीच, हे तिला तोंडपाठ होतं. बाहेरचं दार पाठीशीच होतं. पण छोटीची खोली भट्टीच्या पलीकडे.

"छोटी!" तिने ओरडून पाहिलं. उत्तर नाही.

तिने श्वास कोंडला आणि ती धावली. वाटेत भट्टीचा खटका पाडला, आतलं दार ढकललं. छोटी दचकून उठली. ताईने तिच्या कानांतलं ओढून काढलं आणि नुसतं बोट दाखवलं. त्या बाटलीवरून ताईची नजर हटेना आणि पाय तर जागचे हलेनात. आत्ताच धावत आलेली ती आता खांबासारखी उभी.

छोटीने एकदा हवा हुंगली. "वास येतोय, ताई! चल!" आणि तिचा दंड धरून तिला फरफटत बाहेर नेलं.

सुरक्षारक्षकांनी मजला रिकामा केला. मुखवटे घालून आत गेलेल्यांना बाटलीपाशी रबरी नळी निसटलेली सापडली. दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला, रक्त तपासलं. काही सापडलं नाही. आई आली ती रडत-ओरडतच, "एकीला तरी दुसरीकडे नोकरी शोधायची अक्कल यायला हवी होती!"

आई चहा आणायला गेली तेव्हा छोटी हळूच म्हणाली, "ताई, मला वास आला नव्हता."

"म्हणजे?"

"तू हलतच नव्हतीस. काय करणार?"

ताई हसली. "बरं झालं थाप मारलीस."

"तसं नाही गं." छोटीने चादरीची कड मुठीत धरली. "मला कधीच आला नाही. त्या दिवशी पुस्तकातलं बोलले. मग तू इतक्या विश्वासानं हाका मारायला लागलीस… सांगायला तोंडच उरलं नाही."

'काही नाही गं, लाव' असं छोटीने म्हटलं आणि ताईने भट्टी लावली, असं किती वेळा झालं होतं! त्या सगळ्या दुपारी त्या खोलीत दोघी सारख्याच आंधळ्या बसल्या होत्या. रागवायला तिच्यात बळ नव्हतं. तिने छोटीचा हात धरला, तो बर्फासारखा होता.

सोमवारी दोघी साहेबांसमोर उभ्या राहिल्या. यंत्र येईपर्यंत भट्टी पेटणार नाही, ताईने सांगितलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाले नाहीत.