आधाराशिवाय अकरा पावलं

मित्रांनो, दाराआड छत्रीला खेटून उभी आहे ना, ती जुनी काठी म्हणजे मी. त्या छत्रीशी माझी बरोबरी करू नका. ती पाऊस आला तरच हलते. मी माणसाचं अर्धं वजन वाहिलंय.

एका सुताराने मला जुन्या, चिवट लाकडातून तासलं. मूठ हाताला बसेल अशी घासली, खाली रबराचं बूच चढवलं. "माणूस मोडेल, ही मोडायची नाही," असं म्हणाला. मी फुगले. वयच तसं होतं.

माझा मालक सैन्यात होता. डोंगरात त्याची गाडी सुरुंगावर गेली आणि डाव्या खुब्याचा चुरा झाला. दवाखान्यातून तो घरी आला तो माझ्याच आधाराने. जिना उतरताना तो तोंडातून चकार शब्द काढत नसे, पण मला मुठीतून सगळं कळायचं. लोक म्हणायचे, "काठी छान आहे हो." खुब्याचं कोणी विचारत नसे.

त्याने अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. तपासणीचं बोलावणं आलं, तशी त्या सकाळी गुळगुळीत दाढी केली, बूट घासून आरशासारखे केले.

त्याची बायको म्हणाली, "अहो, नवरदेव होऊन निघालात की काय?"

"साहेबांसमोर जायचंय. गबाळ्यासारखा जाऊ?"

"गबाळ्यासारखे नका जाऊ. लंगड्यासारखे जा! आहात ना तसे?"

लष्करी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याचं नाव पुकारलं. तो उठला आणि मित्रांनो, त्याने मला भिंतीला टेकवून ठेवलं. साहेबासमोर काठी टेकत जाणं त्याच्या हाडातच नव्हतं. दारापासून टेबलापर्यंत अकरा पावलं. ती मी एकेक मोजली. टाचा जुळवून त्याने सलाम ठोकला.

डॉक्टरांनी कागदातून मान वर केली. "काय, कसं आहे?"

"एकदम ठीक, साहेब!"

अरे देवा! तेव्हा मी धाडकन पडायला हवं होतं. पण त्या मेल्या सुताराने मला इतकं सरळ केलेलं, की घसरलेसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर तो माझ्यावर असा कोसळला, की माझं रबर चिरलं. पण तोवर आतलं दार लागलं होतं.

महिन्याभराने पत्र आलं. 'अर्जदार आधाराशिवाय चालतो. तक्रार नाही. अर्ज नामंजूर.'

"आत काय सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"साहेबांनी विचारलं, कसं आहे. म्हटलं, ठीक."

"मी विचारते तेव्हा बरे अंगावर येता!" ती म्हणाली, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मग ती एकटीच मला घेऊन कचेरीत गेली. खिडकीतून मला थेट कारकुनाच्या नाकासमोर धरलं. "ही मूठ बघा. झिजलीय. मी काय चाटून झिजवली?"

कारकून वाईट नव्हता. त्याने कागद दोनदा चाळले. "बाई, पहिल्या तपासणीत काठीची नोंद नाही."

"मग आता करा."

"आता केली, तर हे दुखणं नंतरचं धरतील. नंतरचं दुखणं सैन्यातलं नसतं."

तिने मला काखेत धरलं आणि कोरा कागद मागितला. तिने फेरअर्ज दिला. त्याचंही पत्र आलं. वाक्य तेच, तारीख तेवढी वेगळी.

तेव्हापासून तो मला वापरत नाही. "कागदावर ठीक आहे ना मी? मग ठीक माणसाला काठी कशाला?" म्हणतो आणि भिंत धरून मोरीपर्यंत जातो. दोनदा पडला. मी बघत राहिले. काठीला आपणहून पुढे होता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असा कोणी असेल, तर 'कसं आहे' विचारून मोकळे होऊ नका. तो उठताना बघा, जिन्यावर बघा. आणि जे दिसेल ते कोणी विचारायच्या आत लिहून ठेवा, कारण तो स्वतः सांगणार नाही.

बायको रोज सकाळी मला त्याच्या खाटेशी आणून ठेवते. ती आत वळली, की तो मला उचलतो आणि लंगडत परत दाराआड नेतो. हातात घट्ट धरलेलं असतं मला, पण एकदाही जमिनीला टेकवत नाही.