एकवीस दिवसांचं मीठपाणी

बिनमाणसाच्या शिडाच्या होड्या बनवणं हा माझा धंदा. त्या एकट्या समुद्रात हिंडतात आणि पाण्याची माहिती पाठवतात. "माणूस आला की चूक आली," हे माझं लाडकं वाक्य मी बैठकीत ऐकवायचो, घरीही. मला पोहता येत नाही आणि होडीत बसलं की मळमळतं, हे मात्र कोणाला सांगत नसे.

तिसऱ्या होडीचं शीड बाबांनी शिवलं. त्यांचा जन्म शिडं शिवण्यातच गेला. आमच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं, "या फेरीत खारटपणाची नीट नोंद मिळाली तर चौथी होडी. नाहीतर काम बंद."

होडी धक्क्यावरून सोडताना बाबा वाकून म्हणाले, "अरे, खाली ते बूच तसंच ठेवायचं का?"

"बाबा, तुम्ही शिडाचं बघा."

चार लोकांत म्हणालो. ते शिडाकडे गेले.

होडीने रोज आकडा पाठवला. खारटपणा पहिल्या दिवशी जेवढा, तेवढाच एकविसाव्या दिवशी. नदीच्या मुखासमोरही आकडा हलला नाही, तेव्हा तरी शंका यावी! मी छाती फुगवून म्हणालो, "बघा, यंत्र किती स्थिर!" आणि ती सरळ रेघ मोठी करून भिंतीवर लावली.

होडी परतली. उलटी केली, तर खारटपणा मोजणाऱ्या यंत्रावर बूच घट्ट. यंत्र सुकू नये म्हणून त्यात आम्हीच चमचाभर मीठपाणी भरतो. एकवीस दिवस तेवढंच मोजलं गेलं. सोडताना काढायला विसरू नये म्हणून बूच मुळात भडक लाल होतं. होडीला शोभत नाही म्हणून मीच पांढरं रंगवलेलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, आणि माझी होडीही.

"एकाच्याही लक्षात आलं नाही?" मॅडमनी विचारलं.

'नाही' म्हटलं असतं तर खपलं असतं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"आलं होतं. बाबांच्या. मी त्यांना गप्प केलं."

मॅडमनी भिंतीवरच्या रेघेकडे एकदा पाहिलं. "आणखी एकच फेरी. सोडण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर तुमच्या बाबांची सही हवी."

या खेपेला मी बूच काढून बाबांच्या हातात दिलं. तरी ते गुडघे धरत धक्क्यावर पालथे झाले, पाण्यात हात घालून चाचपू लागले. मला त्यांच्या वयाची काळजी वाटली आणि माझी लाज.

"काढलंय म्हटलं ना, बाबा."

"म्हणतोस खरं," ते ओल्या हाताने सही करत म्हणाले, "पण तूही माणूसच ना?"