सुरातली भाकरी

तोंडात सनई असली की माणसाला बोलता येत नाही, हीच तर सारी अडचण होती. गोरख माईक धरून बसला होता, हौशीराम गाल फुगवून सूर धरून होता, आणि भिंतीपलीकडे चुलीपाशी त्याची बायको साळुबाई बिनदिक्कत भाकऱ्या थापत होती. गोरखनं डोळे वटारून खूण केली. हौशीरामनं नुसत्या भुवया उंचावल्या, म्हणजे मी तरी काय करू बाबा?

रेकॉर्डिंग थांबल्यावर गोरख कुरकुरला, तर साळुबाई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"तवा तापला व्हता. पीठ काय तुमच्या मशीनची वाट बघत बसतंय व्हय?"

सनईच्या ताफ्यात एक जण चाली वाजवतो, लोकांत नाव त्याचंच होतं. दुसरा नुसता एकच सूर धरून बसतो. नाकानं श्वास घ्यायचा, गालातली हवा सोडत राहायचं आणि अक्षता पडेपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही. त्याच्याकडे कोण बघतंय? हौशीरामनं जन्मभर तेवढंच केलं. अहो, स्वतःच्या लग्नातसुद्धा! ऐन वेळी चुलता तापानं पडला, तेव्हा बापानं बाशिंग बांधलेल्या नवरदेवाच्याच हातात सनई दिली. साळुबाई पुढे चारचौघींत सांगायची, "आंतरपाट सरला आन् बघते तर नवरा गाल फुगवून हुबा. म्हणलं, पहिल्याच दिशी रुसला का काय ह्यो." हौशीराम लाजून बाहेर निघून जायचा. पोरंबाळं नव्हती; घरात बोलणारी ती एकटी आणि ऐकणारा हा एकटा.

गोरख त्याचा पुतण्या. लग्नांत बँडचं फॅड आलं तसं त्यानं मुंबईहून जुना कीबोर्ड आणला. कुठलाही आवाज त्यात भरून घ्यायचा, फ्लॉपीवर ठेवायचा आणि पट्टी दाबली की वाजवायचा. पण कंपनीनं भरून दिलेला सनईचा सूर म्हणजे नुसती पिपाणी. इकडे हौशीरामचे पुढचे दात हलायला लागले होते, आणि दात गेले की ओठ सनई आवळत नाहीत. म्हणून गोरख म्हणाला होता, "तात्या, दात हायेत तवर तुमचा सूर भरून ठिवू."

पुन्हा एकदा शांततेत भरून घ्यायचं ठरलं खरं, पण त्याआधीच दात पडले. झालं! होता तोच सूर कामाला लागला. त्या मशीनच्या डोक्यात काही सेकंदांचाच तुकडा मावायचा. तुकडा संपला की तोच पुन्हा पहिल्यापासून. गोरख पट्टीच्या फटीत आगकाडी खोचायचा, म्हणजे पट्टी दबलेलीच राहायची आणि सूर अखंड चालायचा. फक्त दर फेऱ्याला त्यात एक बारीक थप यायची. वऱ्हाडी म्हणायचे, स्पीकर फाटलाय. गोरखला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढच्याच साली साळुबाई गेली. साधा ताप म्हणता म्हणता हातची गेली. मागं एक फोटो राहिला, पण फोटो काढायला चाललोय म्हणून ती ओठ घट्ट मिटून बसलेली. जन्मभर बोलत राहिलेली बाई त्यात ओळखूच यायची नाही.

त्यानंतर गोरखनं आग्रह करून हौशीरामला घोडेगावच्या एका लग्नाला नेलं. तो स्पीकरशेजारी बसला. सूर सुरू झाला, फिरून आला आणि थप. पलीकडे चूल पेटली होती, ती बसली होती, हात पिठात होते. उपरण्यात तोंड खुपसून तो रडला. मुलीची पाठवणी बघून म्हाताऱ्याचं मन भरून आलं, असं लोकांना वाटलं.

मग गोरखची एकही सुपारी त्यानं सोडली नाही. ओतूर असो, पारगाव असो, हा आपला सगळ्यांच्या आधी टेम्पोत. पोरं चिडवायची, तात्याला जेवणावळीचा नाद लागला. तो हसायचा. खरं सांगायचं तरी कसं? मी बायकोची भाकरी ऐकायला येतो म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. गोरखलासुद्धा त्यानं कधी सांगितलं नाही.

अशी वर्षं गेली. गोरखनं कॉम्प्युटर घेतला, आवाज कापायचे-जोडायचे शिकला. ओतूरच्या एका लग्नात त्यानं हौशीरामसाठी मुद्दाम पुढं खुर्ची टाकली आणि आज तुमच्यासाठी एक गंमत आहे म्हणाला. आगकाडी खोचली. सूर उठला, स्वच्छ, भरदार. हौशीराम सवयीनं डोळे मिटून वाट बघत बसला. सूर फिरून आला. ती आली नाही. पुन्हा फिरून आला. नाहीच.

गोरख खुशीत वाकून म्हणाला, "तात्या, ती भाकरीची थाप काढली एकदाची. इतकी वर्षं तुमच्या सुराला डाग व्हता, माझ्या जिवाला लई लागायचं."

"आन् जुना रं?"

"त्या फ्लॉपीवरच ह्यो भरला. जुना ठिवून काय करायचाय?"

हौशीरामनं त्याच्याकडे पाहिलं. पोराचा चेहरा कौतुकासाठी आसुसलेला होता, आपल्या सुरासाठी एवढं दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. आज तोंडात सनई नव्हती, तरी बोलता आलं नाही.

"ब्येस झालाय," तो म्हणाला.

गोरख वाजवायला वळला. भटजींनी मंगलाष्टका सुरू केल्या, लोक अक्षता घेऊन उठले. हौशीराम खुर्चीतच बसून राहिला. सूर फिरून त्या जागेवर आला आणि त्याचा तळहात आपोआप गुडघ्यावर पडला. थप. पुढच्या फेऱ्याला पुन्हा.

शेजारचा पाहुणा हसून म्हणाला, "तात्या, ताल चुकतोय राव."

हौशीरामनं मान हलवली. सूर फिरून आला, तसा हात पुन्हा गुडघ्यावर पडला.