धाकटीच्या कमरेला बांधलेला मी

मी शेकायची रबरी पिशवी बोलतोय. नावानं पिशवी, पण स्वभावानं खवट म्हातारा, म्हणून ‘बोलतोय’. पोटात पाणी ठरत नाही आणि म्हणे तुझी गोष्ट सांग! सांगतो. मध्ये बोलू नका.

मला आणलं आजोबांच्या कंबरदुखीसाठी. ते गेल्यावर मी धाकट्या नातीकडे आलो. महिन्याला तिचं पोट दुखायचं, तेवढंच माझं काम.

मग एकदा मावशी म्हणाली, “अगंबाई, आता कुठे चवळीची शेंग दिसतेस!” झालं. धाकटी ताटातलं नुसतं चिवडायची आणि “झालं माझं” म्हणून उठायची.

महिन्याचं दुखणं थांबलं. पाळीच थांबली. आईला तिनं सांगितलंच नाही. तरी मला सुट्टी कुठली? भर उन्हाळ्यात मला कवटाळून कुडकुडायची. डोक्यावरचे केस उशीवर आणि पाठीवर मात्र बारीक लव. छातीवर घ्यायची तेव्हा एक ठोका पडला की पुढचा येईपर्यंत माझाच जीव टांगणीला.

पोर वाळत चालली म्हणून आईनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “आणखी वजन उतरलं तर इथंच ठेवून घेणार.” तर पुढच्या खेपेला निघताना पोरीनं काय करावं? मला गार पाण्यानं तट्ट भरलं, कमरेला बांधलं, वर ढगळ स्वेटर. “गप्प बसायचं हं, म्हाताऱ्या.”

काट्यावर उभी राहिली. आई खूश. “बघा, वाढलं की नाही!”

धाकटी खाली उतरून चप्पल घालायला वाकली आणि तिच्या कमरेचं हाड माझ्यात घुसलं. जुनं रबर ते, टर्रकन फाटलं. फरशीभर पाणी.

“मेल्या, गळायचं होतं तर घरी गळायचंस!” ती ओरडली आणि तिथंच कोसळली.

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली. चेहराच बदलला. “हा हट्ट नाही हो, आजार आहे. बाहेरून मिळेना की शरीर स्वतःलाच खातं. हृदयसुद्धा मांसाचंच. हिला आत्ताच्या आत्ता दाखल करा.”

आता ती खाटेवर, छातीला वायरी. मी खाटेखाली. एकदम खाऊ देत नाहीत, उपाशी शरीराला झेपत नाही म्हणे; थोडं थोडंच. तेही रडत, आईला बोल लावत गिळते. काल म्हणाली, “तो दगाबाज फेकून दे.”

दगाबाज? मी? याची माफी मागावी लागेल. घाई नाही. आधी जेव, अंगात ऊब येऊ दे, केस पांढरे होऊ देत, मग माग. पण माझी माफी बाकी आहे, कळलं का, धाकटे?