मालकीण हयात आहे

आमच्या सूनबाईंना उलट बोलता येत नाही, हीच माझी तक्रार आहे. लोकांच्या सुना तोंडाळ, माझ्या नशिबी ही मुकी आली. मी काही बोलले की मान खाली घालते आणि भांडी विसळायला लागते. भिंतीशी किती भांडणार माणूस?

त्यात चाळिशीत तिने कॉलेजात नाव घातलं. कॉलेज कसलं, तर वर्ग भरतो संग्रहालयाच्या तळमजल्यावर, फुटक्या मडक्यांच्या शेजारी. वस्तू सांभाळायच्या कशा, हे तिथे शिकवतात. म्हणजे जे मी जन्मभर फुकट केलं, त्याची आता परीक्षा आहे. पहिल्याच आठवड्यात सूनबाई पांढरे हातमोजे घालून घरी आल्या आणि माझी चहाची किटली दोन्ही हातांनी, तान्हं मूल उचलावं तशी उचलू लागल्या. कान धरून काही उचलायचं नाही म्हणे. मुलगा कौतुकाने बघत बसला. त्याने स्वतः आजवर पाण्याचा पेलाही उचललेला नाही, ना वरून धरून, ना खालून.

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने घरातली एक वस्तू प्रदर्शनात मांडायची होती. पास झाली तर तिथल्याच कोठारात नोकरी, आणि ती तिला फार हवी होती. हे तिने मला नाही, मुलाला सांगितलं. निवडलं काय, तर माझं मोठं पातेलं. गिरणीच्या खानावळीत मी रांधायचे ते, बुडाला काजळीचा थर चढलेलं. काजळीच महत्त्वाची, ती त्यावरच बोलणार, वस्तू आहे तशीच ठेवायची असते, असं मुलगा मला समजावून गेला. मी ऐकून घेतलं. ऐकून मी सगळंच घेते.

पण प्रदर्शनाला माझी नणंद येणार होती. तिच्यासमोर माझं पातेलं काळं? पहाटे उठले, राख घेतली, लिंबू घेतलं आणि बुड असं घासलं की त्यात बघून भांग पाडावा.

सूनबाईंनी पाहिलं. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता तरी बोलेल. कसलं काय. हातमोजे चढवले, पातेलं कापडात गुंडाळलं आणि निघून गेली.

दुपारी नणंदेला घेऊन पोचले. बाकीच्या वस्तूंपुढे एखाददुसरा माणूस जांभई देत उभा. आमच्या पातेल्यापुढे गर्दी, आणि गर्दी हसत होती. तिच्या शिक्षिकाबाईंच्या तर डोळ्यांत पाणी. मी पुढे घुसले. शेजारी पुठ्ठ्यावर सूनबाईंचं नेटकं अक्षर. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून नणंदेने वाचलं, चांगलं खणखणीत आवाजात:

‘पातेलं. यावर चाळीस वर्षांची काजळी होती. आज पहाटे सासूबाईंनी ती घासून काढली. हात लावू नये, हे त्यांना सांगून पाहिलं. मालकीण हयात आहे आणि वस्तू अजून तिच्याच ताब्यात आहे. प्रेक्षकांनी जपून राहावं.’

नणंद इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. शिक्षिकाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, वस्तूबद्दल इतकं खरं वर्गात दुसऱ्या कोणी लिहिलं नाही, ही पास. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मान खाली गेली नाही.

“पंधरा वर्षं या घरात मी एकटीच बोलतेय,” मी तिला म्हणाले. “उद्यापासून पुठ्ठे वाया घालवू नकोस. तोंडावर बोल. मी बसलेय ऐकायला.”