नसीमचं नाव

डिसेंबरच्या सुट्ट्या लागल्या की लखदर आणि त्याची बायको झुलिखा डोंगरातल्या सेतिफहून समुद्रकाठच्या अन्नाबाला जात. लखदर शाळेत अरबी शिकवायचा. अन्नाबाला त्याची धाकटी बहीण वर्दा राहायची. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर झुलिखा सांगायची, "इथे बर्फाने हाडं गोठतात, तिकडे समुद्राची ऊब असते."

खरं कारण शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं. झुलिखाचा मुलगा नसीम आणि वर्दाचा मुलगा रम्झी, दोघे मामेभाऊ-आतेभाऊ, अन्नाबाच्याच किनाऱ्यावरून मच्छीमारी होडीत बसून चोरून इटलीच्या सार्डिनिया बेटाकडे निघाले होते. होडी पलीकडे लागली नाही आणि अलीकडे परतलीही नाही. त्याला आता तिसरा हिवाळा होता.

यंदाही, वाटेत माणसं घेत जाणाऱ्या भाड्याच्या मोटारीत, झुलिखा वाटभर बोलत राहिली. "स्किक्दाच्या त्या बाईला फोन आला म्हणे मुलाचा. चार वर्षांनी! तुरुंगात होता इटलीत. तिथे नावं चुकीची लिहितात, म्हणून सापडत नाहीत पोरं."

"हो," लखदर म्हणाला.

"नसीमचंही तसंच असणार."

"हो." तो नेहमी हो म्हणे. त्या एका शब्दावर झुलिखाने दोन हिवाळे काढले होते.

वर्दाच्या घरी पोचले तर बैठकीतल्या गाद्या भिंतीला लावलेल्या, आणि स्वयंपाकघरात शेजाऱ्यांची मोठमोठी पातेली.

"कुणाचं लग्न काढलंस की काय?" झुलिखाने हसत विचारलं.

वर्दा हसली नाही. तिने वहिनीचा हात धरून तिला खाली बसवलं. "शुक्रवारी कुराण वाचायला माणसं बोलावलीत, वहिनी. रम्झीसाठी."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. दार वाजलं की धावते मी. फोन वाजला की धावते. थकले. आता मला बसायचंय."

"बस की! बसायला पोराला मारावं लागतं?"

"वहिनी, एकाच होडीत होते गं दोघं."

"म्हणून तर म्हणते! तू तुझ्याला मारलंस तर माझा कसा जगेल?"

वर्दाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिचं रडून संपलं असावं. तिने हळूच विचारलं, "नसीमचंही नाव घेऊ का?"

"त्याच्या नावाला हात लावलास तर या घरात पाणी पिणार नाही मी."

झुलिखाने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही सांगा ना बहिणीला."

"बोलतो," म्हणून लखदर उठला आणि पावसात बाहेर पडला. बऱ्याच वेळाने निथळत परतला. कुठे गेला होता हे कुणी विचारलं नाही. त्या घरातून बाहेर पडलेल्या माणसाला जायला समुद्राखेरीज दुसरी जागा नव्हती.

शुक्रवारी झुलिखाने निघून जायचं ठरवलं होतं. पण एवढ्या माणसांसाठी रव्याचा कुसकुस वर्दा एकटी कशी करणार? नातं नातंच असतं. पदर खोचावा तशा बाह्या सारून ती पातेल्यापाशी उभी राहिली. दोघी मुकाट्याने रवा चोळत, वाफ देत राहिल्या. मधेच वर्दा म्हणाली, "मीठ बघ गं, माझी जीभ मेलीय." झुलिखाने चाखून सांगितलं, "घाल अजून."

बैठकीत पुरुषांचं वाचन संपलं. कुराण वाचणाऱ्या म्हाताऱ्या कारीने दुवेसाठी हात उचलले आणि विचारलं, "कुणाच्या नावे?"

"रम्झी. वर्दाचा मुलगा," रम्झीच्या बापाचा आवाज आला.

मग लखदरचा आवाज, वर्गात हजेरी घ्यावी तसा स्पष्ट. "आणि नसीम. झुलिखाचा मुलगा."

"आमीन," सगळे म्हणाले.

झुलिखाच्या हातातला डाव तसाच राहिला. रस्सा जमिनीवर गळत होता. वर्दाने तो डाव काढून घेतला. "मी नाही गं सांगितलं त्याला. शपथ घेते."

"माहीत आहे."

मग बायका आत आल्या. त्यांनी आधी वर्दाला मिठी मारली, मग झुलिखाला. "अल्लाह सबर देवो." पुढची बाई, तिच्यामागची बाई, तेच शब्द. मयताच्या घरी म्हणतात ती ही ओळ तिच्यासाठी आजवर कुणी उच्चारली नव्हती. झुलिखा हात मोकळे सोडून उभी राहिली आणि नंतर वाढायला लागली, कारण कुसकुस गार होत होता.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर, धुक्यातून गाडी चढत असताना लखदर हळू आवाजात म्हणाला, "मला हो म्हणवत नव्हतं आता."

"मग नाही म्हणायचं होतंत. मला. घरी, दोघंच असताना."

"हिंमत नव्हती."

"आणि तीस माणसांपुढे आली."



वाटेत गेल्माला चढलेली एक गप्पिष्ट म्हातारी झुलिखाशेजारी बसली. संत्री सोलून वाटता वाटता तिने विचारलं, "मुलं किती गं तुला?"

लखदर ताठ झाला. झुलिखा फोडीवरचे पांढरे धागे काढत राहिली. "एक मुलगी. ओरानला दिलीय."

"आणि मुलगा?"

"नाही."

"अरेरे! मुलगा हवा गं. म्हातारपणी आधार असतो."

"हो ना," झुलिखा म्हणाली.

सेतिफला बर्फ साचलं होतं. घर गारठलेलं. लखदरने हीटर पेटवला, ती कोट न काढताच पलंगाच्या कडेवर बसली.

"खायला काही करू?" त्याने विचारलं.

"तुमच्यापुरतं करा."