पंपघराच्या जिन्यावर मीठ

नणंद शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राची प्रमुख होती. भावजय रंगांसाठी रेझिन बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात पॉलिमरचं काम बघायची. एकाच घरात वरच्या आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या या दोघी सुट्टीच्या दिवशी एकत्र जेवायच्या, पण एकमेकींच्या कामाविषयी चुकूनही बोलायच्या नाहीत. त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. मग कारखान्याने गढूळ पाणी निवळणारं पॉलिमर करायला घेतलं आणि त्याची चाचणी घ्या म्हणून भावजयीला नेमकं नणंदेच्याच दारात उभं राहावं लागलं.

"घरचं माणूस म्हणून सूट मिळणार नाही," नणंद म्हणाली. "दुसऱ्याचा माल एकदा तपासला असता तर तुझा दोनदा तपासेन. लोक माझ्याकडे बोट दाखवायला टपलेलेच आहेत."

"तपासा ना, ताई. मी कुठे नको म्हणते?"

म्हणायला सोपं होतं. ते पॉलिमर बनवताना तिच्या नाकी नऊ आले होते. मूळ रसायन पाण्यात विरघळवायचं, नायट्रोजनचे बुडबुडे सोडून त्यातली हवा हाकलायची आणि मग रेणूंच्या साखळ्या जुळायला सुरुवात करून देणारा चिमूटभर पदार्थ घालायचा. भांडं तापत जातं आणि पाण्यासारख्या पातळ द्रवाचा बघता बघता रबरासारखा गोळा होतो. तो कापायचा, वाळवायचा, दळायचा. हवा थोडी जरी राहिली तरी साखळ्या आखूड पडत. भांडं जास्त तापलं तर त्या एकमेकींत अशा गुंतत की पावडर विरघळायचं नावच घेत नसे. "आपले रंगच बरे," असं कारखान्याच्या मालकांनी तिला आडून आडून सुचवलंही होतं. तिने मनावर घेतलं नाही.

चाचणीच्या दिवशी नदीचं पाणी चहासारखं तांबूस होतं. प्रयोगशाळेत ओळीने मांडलेल्या बीकरमध्ये ढवळणारी पाती फिरत होती. नुसती तुरटी घातलेलं पाणी धूसरच राहिलं. शेजारच्या बीकरमध्ये भावजयीने तुरटीपाठोपाठ आपल्या पॉलिमरचे थेंब सोडले, तसे मातीचे कण एकमेकांना शोधत एकत्र आले, त्यांच्या गुठळ्या झाल्या आणि त्या खाली बसायला लागल्या. प्रयोगशाळेतल्या बाई सहसा कशानेच हरखून जात नसत. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या बीकरसमोर बसूनच राहिल्या.

"दूध नासल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. "चांगल्या अर्थाने म्हणते हं."

भावजयीने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात पंपघरातून आरडाओरडा ऐकू आला.

पंपघर अर्धं जमिनीखाली होतं. आत शिरलं की समोर सिमेंटचा गुळगुळीत जिना खाली पंपांपर्यंत उतरत असे. चाचणीसाठी आणलेलं पावडरचं पोतं जिन्याच्या तोंडाशी ठेवलं होतं आणि कशाला तरी घासून ते फाटलं होतं. केंद्राचा जुना फिटर, ज्याला सगळे 'पाना' म्हणत, तो स्वच्छतेचा भोक्ता. सांडलेली पांढरी पूड पाहून त्याने सरळ पाण्याचा पाइप आणला आणि जिना धुऊन काढला. पावडर पाणी प्यायली, फुगली आणि पायऱ्यापायऱ्यांवरून शेंबडासारखी ओघळत खाली गेली.

नणंद तेव्हा खाली पंपाचा आवाज ऐकत उभी होती. पाणी कुठून येतंय ते बघायला ती जिना चढू लागली आणि मधूनच सटकन खाली आली. तिला धरायला धावलेला पाना वरच्याच पायरीवर बसकण मारून बसला होता. त्याला उठताही येईना. उठायला गेला की पुन्हा खाली.

"कोणी येऊ नका," नणंदेचा खालून आवाज आला. आवाज नेहमीसारखाच, हुकमी. "वरून पंप बंद करा. शहराच्या टाकीत पाणी आहे, घाई नाही. माझा पाय दुखावलाय. टेकवत नाही."

कोणीतरी पंप बंद केला. कोणीतरी दोर शोधायला पळालं. केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर पुन्हा पाण्याचा पाइप उचलायला वाकला. "जोरात धार मारली की सगळं वाहून जाईल," तो म्हणाला.

"पाण्याला हात लावू नका," भावजय म्हणाली. "जितकं पाणी घालाल तितकं ते वाढेल." आपण बनवलेल्या पावडरीवर आपलीच नणंद पडलीय, हे एकच तिच्या डोक्यात घुमत होतं. खाली सांडपाणी उपसणारा छोटा पंपही त्या चिकट लगद्याने तुंबला होता, आणि पंपाच्या चौथऱ्याभोवती पाणी साचू लागलं होतं.

"ताई, भिंतीला टेकून बसा. पाय हलवू नका," तिने खाली पाहून सांगितलं. मग प्रयोगशाळेतल्या बाईंकडे वळली. "तुम्ही क्लोरीन इथेच मिठापासून बनवता ना? मिठाची पोती कुठे असतात?"

"मागच्या खोलीत."

"आणायला सांगा. होतील तेवढी. आणि कोरडी वाळू. फावडं, खराटे."

हे पॉलिमर गोड्या पाण्यात हातपाय पसरून आडवं होतं, म्हणून इतकं बुळबुळीत लागतं. मीठ लागलं की त्याच साखळ्या मुटकुळं करून बसतात आणि बुळबुळीतपणा ओसरतो. कारखान्यात सांडलवंड झाली की ती हेच करायची, फक्त मूठभर मिठात काम भागायचं. इतक्या मोठ्या जिन्यावर कधी करून पाहिलं नव्हतं.

तिने आधी पान्याभोवती जाडं मीठ पसरलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तो थर जागच्या जागी आकसला, त्याला पाणी सुटलं. फावड्याने खरवडला तसा तो उचलूनही आला. वाळू टाकल्यावर पाना भिंत धरून उभा राहिला. आपले दोन्ही पाय जागेवर आहेत का, हे त्याने नीट खाली पाहून घेतलं.

मग एकेक पायरी. मीठ टाकायचं, थांबायचं, खरवडायचं, वाळू पसरायची आणि खालच्या पायरीवर उतरायचं. सगळ्यांत पुढे भावजय होती, मागून पोती पुढे सरकवली जात होती. थांबायचा वेळ सगळ्यांत जड जात होता.

"वर काय चाललंय?" नणंदेने विचारलं.

"मीठ टाकतोय, ताई."

"मी इथे पाय धरून बसलेय आणि तू वरून मीठ चोळतेयस?"

पान्याला हसू आवरेना. भावजयीलाही हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला तिने हात वर नेला. हात मिठाने माखलेले होते, त्यामुळे डोळे आणखीच झोंबले.

ती खाली पोचली तेव्हा नणंद भिंतीला टेकून बसली होती. साडी चिखलाने भरलेली, चेहरा पांढराफटक. तिने भावजयीच्या खांद्यावर हात टाकला. दोघी आणि मागून पाना, असे सगळे सावकाश वर आले. वरच्या पायरीवर नणंदेने सगळा भार भावजयीवर टाकला आणि प्रथमच मोठ्याने उसासा सोडला.

इस्पितळात भाऊ धापा टाकत आला. "फोनवर नुसतं 'घसरून पडल्या, मी सोबत आहे' एवढंच सांगायचं?" तो बायकोला म्हणाला. "येताना वाटेत माझ्या मनात काय काय येऊन गेलं."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. हाड शाबूत होतं. पाय मुरगळला होता, सूज बरीच होती, पण पट्टी बांधून काही दिवस पाय वर ठेवला की झालं. भाऊ मटकन बाकावर बसला. भावजय त्याच्याशेजारी बसली आणि नखांत अडकलेलं मीठ काढू लागली.

"चाचणीचं काय झालं?" नणंदेने खाटेवरून विचारलं.

"आत्ता कशाला ते, ताई?"

"प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला होता. पाणी आरशासारखं निवळलं म्हणाल्या." ती पायाची पट्टी बघत होती. "पाणी पास. पोतं नापास. साठवायची जागा वेगळी, दाराला कुलूप, भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी, आणि शेजारी मीठ. हे सगळं झालं की दुसरी चाचणी. दोनदा तपासेन म्हणाले होते ना?"

"म्हणाला होतात."

"आणि तो जिना. पाय धरून ठेवेल असा रंग बनतो का तुमच्याकडे?"

"बनतो. खडीची भुकटी मिसळलेला. पण मी घरचं माणूस…"

"म्हणून तीन कारखान्यांचे नमुने मागवणार आहे. तुझाही पाठव, इतरांसारखाच."

तिने खरंच मागवले. तीन पायऱ्यांवर तिघांचे रंग, नावाऐवजी नुसते नंबर टाकून, लावून घेतले, पुरेसे सुकू दिले, मग तिन्हींवर पॉलिमरचं पाणी ओतलं आणि कमरेला दोर बांधलेल्या पान्याला वरखाली चालवलं. स्वतः ती जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून बसली होती. एका पायरीवर पाना चांगलाच डगमगला, दुसरीवर थोडा. तिसरीवर तो उड्या मारून दाखवायला लागला, तेव्हा नणंदेने त्याला थांबवलं आणि त्या पायरीच्या कोपऱ्यात कोणाचा नंबर लिहिलाय ते वाकून वाचलं.

संध्याकाळी ती कठडा धरत खालच्या मजल्यावर आली. भावजय दार उघडून उभी होती. विचारायचा तिला धीर होईना.

"तुझा रंग पाय धरतो," नणंद म्हणाली. "दिसायला मात्र फारच भिकार आहे. दुसऱ्या छटेत बनवता येतो का बघ."

"बघते," भावजय म्हणाली, आणि नणंदेला हात धरून आत घेऊन आली.